बाद म्हणजे बाकावर

आमचे नवे सर आले ते छोट्या टेम्पोच्या हौद्यात बसून. हौद्यात एक लाकडी बाक होता, आणि ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असताना सर मागे त्या बाकावर बसले होते. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर. नाशिकच्या अंबडला त्या दुपारी आमच्या सरावाच्या शेडचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. शबाना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हे कोच आहेत का फर्निचरवाले?"

मी हसले नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं, आणि कुणी हसलं की माझा पारा चढायचा.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मालकांना कबड्डीचं वेड, म्हणून कंपनीचा मुलींचा व्यावसायिक संघ. व्यावसायिक म्हणजे वर्षाचा करार, पगार, राहायला खोल्या, दोन वेळचा सराव आणि थंडी सुरू झाली की कंपन्यांच्या संघांची स्पर्धा, आज या गावी तर उद्या त्या. मी त्या संघाची डावी कोपरारक्षक. चढाई करायला आलेलीचा पाय धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही, एवढंच माझं काम. आदल्या मोसमात अशीच एकीला धरताना माझ्या गुडघ्यातली शीर तुटली. ऑपरेशन झालं, महिनेच्या महिने व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाले, गुडघा छान जुळलाय, खेळा. पण मॅटवर उभी राहिले, समोरून कुणी अंगावर आलं, की माझा पाय आपोआप आखडायचा. पकड करायच्या आधीच मी अर्धी मागे सरकलेली असायचे.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "हे बघ, आम्ही काही माणुसकी सोडलेली नाही. हा सीझन तुझं नाव टीममध्ये ठेवतो. पण एकही मॅच खेळली नाहीस तर पुढच्या वर्षी करार नाही. मग पॅकिंगमध्ये बघू काही जमतंय का."

पॅकिंगच्या कामात वाईट काही नव्हतं. माझी खोलीतली मैत्रीण तिथेच होती आणि सुखात होती. पण मी शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा कुणाचा तरी घोटा पकडला तेव्हापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं. त्यामुळे हे कानटोपीवाले सर मला खेळवणार की नाही, याच्यावर माझं सगळं अडलं होतं.

सरांनी बूट काढले, मॅटभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाद झालेल्या पोरी कुठे बसतात?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कबड्डीत बाद झालेली काही कायमची जात नाही. आपल्या संघाने समोरची एक बाद केली की आपली एक उठते आणि पुन्हा आत येते. ज्या क्रमाने बाद झाल्या, त्याच क्रमाने. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या तेवढ्या वेळात कुठे बसतात, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. आम्ही चपलांच्या रॅकपाशी बसायचो, पाण्याच्या कॅनवर बसायचो, तोंडावर टॉवेल टाकून भिंतीला टेकायचो. आधीचे कोच तिथेच येऊन आमची खरडपट्टी काढायचे.

"म्हणून तर बाक आणला," सर म्हणाले. "असं आहे बघा, मी मनमाडचा. सगळा जन्म रेल्वेत गेला. आमच्याकडे गाडी बदलायची असते म्हणून माणूस बाकावर बसतो. त्याला कुणी विचारत नाही, का हो, हरलात का म्हणून."

मग त्यांनी मफलर सोडला, त्याने बाक पुसला आणि मफलर पुन्हा गळ्यात बांधला. एवढ्यावर त्या दिवशीचा सराव संपला. मॅनेजरसाहेब लांबून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्याही मनात होतं.

सरांना आमची नावं कधी पाठ झाली नाहीत, किंवा त्यांनी ती पाठ केली नाहीत. आम्ही ज्या जागी खेळायचो ती जागा म्हणजे आमचं नाव. आणि वर सगळ्यांना अहो-जाहो. एकोणीस वर्षांच्या पोरीलाही ते म्हणायचे, "अहो उजवा कोपरा, चहा घेतला का?" शबाना आमची मुख्य चढाईपटू, तिला ते "अहो चढाई" म्हणायचे. ती आधी फार चिडायची. नंतर घरी फोन करतानासुद्धा "मैं चढाई बोल रही हूँ" म्हणायला लागली.

मी खेळत नव्हते तरी सरांनी मला पहिल्या दिवसापासून "डावा कोपरा" म्हटलं. माझ्या जागी सुरगाण्याकडची मंदा खेळत होती. चांगली चपळ पोर. तिला सर "सध्याचा डावा कोपरा" म्हणायचे. मंदाला त्याचं काहीच वाटायचं नाही. मी मात्र दर वेळी कुणावर तरी खेकसायचे.

त्यांच्या गळ्यात एक शिट्टी असायची. तिच्या आतली गोटी त्यांनी काढून टाकली होती, म्हणजे ती वाजायचीच नाही. शबानाने विचारलं तर म्हणाले, "वाजवायची शिट्टी पंचांची. माझी नुसती ओळख." उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. एखादी बाद होऊन बाकावर आली की तिच्या तळहातावर शेंगदाणे. गुण मिळवून आलेलीला मात्र काही नाही.

"सर, हे उलटं आहे," मी एकदा म्हणाले.

"उलटं कसं? गुण मिळाला ना तिला? आता शेंगदाणेही पाहिजेत?"

"आणि बाद होणारीला बक्षीस?"

"बक्षीस नाही हो. तोंडात शेंगदाणे असले की कारणं सांगता येत नाहीत. चावून होईपर्यंत दम परत येतो. मग जे बोलते ते खरं असतं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक रीत घातली. बाकावरची जी उठेल, तिने आत जाण्याआधी शेजारचीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आता तू." पोरी फिदीफिदी हसल्या. शबाना म्हणाली, "सर, तेवढ्यात पंच ओरडतील."

"ओरडू देत. जी बसलीय तिला कळलं पाहिजे, की रांग हलली."

बाक सामन्यांनाही बसच्या टपावर बांधून आमच्याबरोबर यायचा. आणि माझी जागा त्यांनी बाकाच्या शेवटच्या टोकाला ठरवली. बाद झालेल्या सगळ्यांच्या नंतर मी. येईल तिला पाणी द्यायचं, शेंगदाणे द्यायचे, तिचं चावून होईपर्यंत तोंड मिटून बसायचं, मग मी बाहेरून काय पाहिलं ते सांगायचं. राखीव खेळाडू बाद झालेल्यांबरोबर बसत नाहीत. पंचांनी दोन-तीनदा हटकलंसुद्धा. सर कानटोपी कानावरून वर करून सगळं नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि मला तिथेच बसवायचे.

चौथ्या सामन्यानंतर माझा तोल सुटला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सर, मी पाणीवाली नाहीये."

"नाहीच मुळी. तुम्ही डावा कोपरा आहात."

"मग खेळवा ना."

"ज्या दिवशी गुडघा विसराल त्या दिवशी."

"मी गुडघा विसरले हे मला कसं कळणार?"

"तुम्हाला नाही कळणार," सर शांतपणे म्हणाले. "त्यासाठी मी आहे की."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी सरावाला मुद्दाम उशिरा गेले. सरांनी माझ्यासाठी बाकाचं टोक मफलरने पुसून ठेवलं होतं. मला त्या माणसाचा राग यायचा आणि राग टिकायचा नाही, हे त्याहून वाईट.

मालेगावचा सामना आम्ही कुणी विसरणार नाही. शुक्रवार होता, यंत्रमाग बंद, त्यामुळे मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. समोरचा संघ बाहेरचा, पण शबाना गावातली, म्हणून अर्धं मालेगाव आमच्या बाजूला. आणि आमची पार दाणादाण उडाली होती. सहा जणी बाकावर, मॅटवर एकटी शबाना. ती बाद झाली असती की सगळा संघ बाद, वर समोरच्यांना जादा गुण. तिचे मामा दोरीपाशी उभे होते, ते ओरडून आम्हाला म्हणाले, "अरे बेटा, तुम सब बैठे क्या हो, कोई तो उठो."

सर आमच्याकडे वळले. "ते बरोबर बोलतायत. पण कसं उठायचं ते चढाईच्या हातात आहे. तुम्ही फक्त सरळ बसा. तिने मागे बघितलं तर तिला सहा पाठी दिसू नयेत, तोंडं दिसू देत."

आम्ही सरळ बसलो. शबानाने जाताना एकदा मागे बघितलं. त्या चढाईत ती एकीला शिवून आली. बाकावरची पहिली उठली, शेजारचीच्या खांद्यावर हात, "आता तू". मग त्या दोघींनी मिळून एक पकड केली. पुन्हा एक उठली. "आता तू." पुढच्या दहा मिनिटांत ती रांग माझ्या डोळ्यांसमोर सरकत सरकत रिकामी झाली, आणि शेवटी बाकावर सर आणि मी दोघंच उरलो. आम्ही जिंकलो. मामांनी सगळ्या संघाला समोसे खाऊ घातले आणि सरांचा हात धरून म्हणाले, "ये बेंच का क्या चक्कर है, साहब?" सरांनी त्यांना शेंगदाणे दिले.

परत येताना चांदवडला बस चहाला थांबली. सर तिथून मनमाडची एसटी धरणार होते. मी त्यांची पिशवी द्यायला खाली उतरले. संध्याकाळ होत होती, एसटीचा पत्ता नव्हता, तेव्हा मी विचारलं, "सर, तुम्ही खेळायचे तेव्हा कुठल्या जागी?"

"डावा कोपरा," ते म्हणाले.

मी पिशवी खाली टेकवली.

"चोवीस वर्षांचा होतो. नागपूरला गुडघा गेला. त्याच संध्याकाळी मला गाडीत बसवून दिलं, किट मांडीवर. म्हणाले, बरं वाटलं की कळव. बरं वाटलं, कळवलंही. तोवर माझ्या जागी दुसरा गडी रुळला होता. वाईट माणसं नव्हती हो ती. मला बसायला जागा ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, इतकंच." मग ते माझ्याकडे वळले. "म्हणून सांगतो, बाद म्हणजे घरी नाही. बाद म्हणजे बाकावर."

एसटी आली. त्यांनी पिशवी घेतली आणि खिडकीतून कानटोपी हलवत गेले. त्या दिवसापासून मी बाकाच्या टोकाला बसायची कुरकुर केली नाही. खेळायची भूक मात्र तेवढीच होती आणि मोसम संपत आला होता.

शेवटून दुसरा सामना नेमका मनमाडला होता. तो जिंकला तर आम्ही पहिल्या चारांत, हरलो तर पाचवे. मॅनेजरसाहेबांनी सरांना आमच्यादेखत सांगितलं होतं, की पहिल्या चारांत आलात तर पुढच्या वर्षी तुम्ही, नाहीतर आम्हाला विचार करावा लागेल. मैदान रेल्वे कॉलनीजवळचं. सरांचे शेजारीपाजारी, जुने सोबती, सगळे आलेले. कुणीतरी सरांच्या बाकालाही हार घातला होता.

शेवटचा मिनिट. दोन्हीकडे गुण सारखे. आमच्या दोघी बाकावर, त्यांच्या शेजारी मी. शबाना चढाईला गेली आणि एकाच फटक्यात दोघींना शिवून आली. मैदान दणाणलं. दोन गुण, म्हणजे आमच्या दोघी उठणार. पहिली उठली, दुसरीच्या खांद्यावर हात, "आता तू". दुसरी उठली ती मंदा. तिच्यानंतर रांगेत कुणी नव्हतं. पण मोसमभर अंगात भिनलेली रीत, आणि वर तो गोंधळ. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडली, "आता तू!"

आणि मी उठले. उठले काय, धावत सुटले. बाकावरून थेट मॅटवर, डाव्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर जाऊन गुडघे वाकवून उभी राहिले. मंदा माझ्या शेजारी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

पंचांनी शिट्टी मारली. एकेकीकडे बोट करत मोजलं. सातच्या जागी आठ. मैदानात एक क्षण कुणालाच काही कळेना. मग समोरच्यांना दंडाचा गुण दिला गेला, मला बाहेर पाठवलं गेलं. त्या सगळ्या गडबडीत आमचं लक्ष उडालं, त्यांच्या शेवटच्या चढाईत आमच्या दोघी बाद झाल्या, आणि आम्ही एका गुणाने हरलो. तो दंडाचा गुण नसता तर निदान बरोबरी झाली असती, आणि बरोबरीवरही आम्ही चौथे आलो असतो.

मी बाकावर जाऊन बसले. मंदा रडत होती. मॅनेजरसाहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आठ! अहो, आठ जणी उतरल्या!" सरांच्या गावात, सरांच्या माणसांसमोर, सरांच्याच रीतीने आम्ही सरांना बुडवलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सर येऊन शेजारी बसले. माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. मी चावले. मग त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"कसला गुडघा?" मी चिडून म्हणाले. इथे एवढं सगळं झालंय आणि यांना गुडघ्याचं पडलंय.

सर हसायला लागले. मोसमभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. कानटोपी डोळ्यांवर आली, मफलर सुटला, तरी हसत होते. मॅनेजरसाहेबांना वाटलं, धक्क्याने त्यांचं डोकं फिरलं. मला मात्र तेव्हा कळलं. मी धावले होते. आखडले नव्हते, लंगडले नव्हते, कोपऱ्यात जाऊन पूर्ण वाकून उभी राहिले होते, आणि मला गुडघा आहे हे आठवलंसुद्धा नव्हतं. मग मी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले.

शेवटचा सामना आमच्या घरचा, नाशिकचा. त्याने काही बदलणार नव्हतं. साहेब म्हणाले, तरुण मुलींना खेळवा, पुढच्या वर्षीची तयारी होईल. सर म्हणाले, "डावा कोपरा खेळेल." मंदा दुसऱ्या जागी गेली. जाताना मला म्हणाली, "ताई, मी नुसती जागा धरून बसले व्हते तुमची." मी तिला जवळ घेतलं.

समोरची पहिलीच चढाई माझ्या बाजूला आली. तिने पाय टाकला, मी घोटा धरला. एवढंच सांगते. बाकी काय झालं ते माझ्या हातांना आठवतं, मला नाही. ती ओढत होती आणि मी सोडत नव्हते. थोड्या वेळाने मीही बाद झाले, बाकाकडे आले. टोकाच्या माझ्या जागेवर सर बसले होते, पाण्याची बाटली घेऊन. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी तळहात पुढे केला. मी मुकाट्याने शेंगदाणे घेतले.

माझा करार वाढला. सरांचा नाही. एका गुणाने त्यांची नोकरी गेली आणि त्याच गुणाने माझा पाय मला परत मिळाला. हे मी आजवर मनात नीट लावू शकलेले नाही.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. सरांनी शाल मफलरवरूनच पांघरली. नाशिकरोडला सोडायला रिक्षा येणार होती, तोवर ते बाकावर बसले. मी शेजारी जाऊन बसले.

"आता घरी," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "असं आहे बघा, त्या एका गुणाचं तुम्ही मनाला..."

मी सकाळीच शेंगदाणे आणून ठेवले होते. त्यांचा हात ओढून तळहातावर ठेवले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग चावायला लागले. बराच वेळ चावत होते. फाटकाशी रिक्षा वाजली. मी उठले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, आता तुम्ही."

त्यांनी कानटोपी खाली ओढली, अगदी डोळ्यांपर्यंत. उठले. बाक मात्र तिथेच ठेवून गेले.

पुढच्या थंडीत मोसम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. नाव सांगितलं. पुन्हा पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

"कोण हो?" सर म्हणाले. "लक्षात नाही येत."

"सर, डावा कोपरा बोलतेय."

"अहो, मग असं सांगा ना आधी. गुडघा?"

"कसला गुडघा?"

ते खूश झाले. मागे करवत चालल्याचा आवाज येत होता, कुणीतरी ठोकत होतं. मी विचारलं, कुठे आहात?

"सुताराकडे. बाक करायला टाकलाय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे?" सर म्हणाले. "इथल्या शाळेने बोलावलंय. मग पोरी बसणार कुठे?"